शंभरात पंच्याऐंशी

सासूला घेऊन नरसिंहपूरला दर्शनाला गेले होते. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एका पानटपरीपुढे आमच्या शेडचे चाचा उभे दिसले आणि मी पटकन सासूच्या मागे झाले. रोज ज्यांच्या नजरेखाली काम करते ते माणूस बाहेर भेटलं की काय बोलावं मला सुचत नाही. पण चाचांचं माझ्याकडे लक्ष नव्हतंच. टपरीवाल्याने आमच्या तंबाखूच्या पुड्यांपुढे शॅम्पूच्या पुड्यांची माळ टांगून त्यांच्यावरचं कर्करोगाचं चित्र झाकलं होतं, आणि चाचा ती त्याला न विचारता खिळ्यावरून काढत होते.

“चाचा, देवाची वाट हाय ही,” टपरीवाला म्हणाला. “बाया येत्यात, लेकरं येत्यात. ते सडलेलं थोबाड कशाला सगळ्यांच्या म्होरं?”

“मग पुडी कशाला म्होरं?”

“पुडी विकायचीय.”

“मग थोबाडबी विकायचंय. दोन्ही एकाच कागदावर हाय.”

एक गिऱ्हाईक हसलं. “माल तुमचाच, आन भ्याबी तुमीच दावताय व्हय चाचा?”

“मी काय दावत न्हाय. कायद्यात लिवलंय तसं करतोय. चित्र झाकायचं न्हाय, असं लिवलंय.”

त्या माणसाने पुडी मागितली. टपरीवाल्याने काढून दिली, तर म्हणाला, “ही गळ्याच्या चित्राची नको. ती दुसऱ्या चित्राची असंल तर दे, ती जरा बरी वाटती.” चाचांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने मेलेल्या माणसाची टोपी मागितली. शॅम्पूची माळ त्यांनी दुसऱ्या टोकाच्या खिळ्याला लावली, मोपेडला लाथ मारली आणि पुढच्या टपरीकडे गेले. सासू म्हणाली, “डोक्यानं बरं हाय न्हवं ते?” मी म्हटलं, आमचे साहेब आहेत.

साहेब म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. इंदापूरच्या बाहेर रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे साधी खायची तंबाखू पुड्यांत भरतात. धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा. धाकटे भाऊ मालक. ते हिशेब बघत, गाडी घेऊन फिरत, आणि महिन्यातून दोनदा शेडमध्ये येऊन भावाशी भांडत. चाचांकडे शेड होती. आम्ही सात बाया. मी वरकुट्याहून वडापच्या जीपने यायची, बाकीच्या जवळपासच्या. चाचा स्वतः तंबाखूला शिवत नसत. वास मात्र घेत. पोत्यात हात घालून मूठ नाकाशी नेत आणि पान कुठल्या बाजूचं आहे ते सांगत. खोटं ठरलेलं मी पाहिलं नाही.

त्यांच्या खिशात पेन नसायचं, स्टीलची पट्टी असायची. पुड्या भरायच्या मशीनवर वरून छापलेल्या प्लास्टिकचा रोल चढतो, खाली येता येता त्याची पिशवी होते, तंबाखू पडते, तोंड चिकटतं आणि पुडी कापली जाते. हे बघायला सोपं वाटतं, पण रोल जरा सरकला की कापणी चुकते. मग चित्रातल्या माणसाचं कपाळ एका पुडीवर आणि हनुवटी दुसऱ्या पुडीवर. दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये असल्या पुड्या चालून जात असतील. चाचा दर थोड्या वेळाने एक पुडी उचलत, पट्टी लावत, तोंडाने हिशेब करत.

“शंभरात पंच्याऐंशी,” ते म्हणायचे. “पुडीच्या तोंडाचे शंभर हिस्से केले तर पंच्याऐंशी चित्राला आन त्या अक्षरांना. उरलेल्या पंधरात आपलं नाव, आपलं गाव, सगळी मिरवणूक. पुढनं तसंच, मागनं तसंच. चौऱ्याऐंशी झालं तर माल माझा न्हाय.”

आम्हाला पट्टी वाचून सांगता येत नाही म्हणून त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या खिडक्या कापल्या होत्या, प्रत्येकीला एक. खिडकी पुडीवर ठेवायची. आत नुसतं चित्र आणि सूचनेची लाल पट्टी दिसली तर पुडी पास. खिडकीत कुठे मालाच्या नावाचा पिवळा रंग डोकावला तर बाजूच्या टोपलीत. ती टोपली दिवसअखेर भरलेली दिसली की मालकांच्या कपाळाची शीर उडायची.

“भाऊ, केसभर पिवळं दिसतंय. केसभर,” मालक म्हणायचे.

“कुणाच्या केसाभर?”

“कोण बघतंय पट्टी लावून?”

“मी बघतोय की.”

शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना चाचा मशीन बंद करून चावी खिशात घालून जात. आपण नसताना एकही पुडी न मोजता बाहेर पडू नये म्हणून. आम्हाला तेवढा वेळ सावलीत बसायला मिळायचा. चाचा परत आले की पहिलं बोलणं हेच, “कुणी हात लावला न्हाय ना?”

पुडी फाडायची खाचही त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. एकदा नवीन रोल आला, त्याची खाच अशी पडत होती की पुडी उघडताना चित्र बरोबर मधोमध फाटायचं. चाचांनी दहा पुड्या फाडून बघितल्या. दहाही वेळा चेहऱ्याचे दोन तुकडे. त्यांनी मशीन थांबवलं, रोल उतरवून भिंतीला टेकवला आणि छापणाऱ्याकडे निरोप धाडला. तीन दिवस शेड बंद राहिली. चौथ्या दिवशी मालक आले ते हात जोडून. “भाऊ, गिऱ्हाईक पुडी फाडून फेकूनच देतंय. फाटलं काय न फाटलं काय?”

“उघडल्यावरबी चित्र धड राह्यलं पायजे, असं लिवलंय.”

“तुमाला येवढं लोकांचं पडलंय तर धंदाच बंद करू.”

“लोकांचं मला काय पडलंय? मी काय कुणाला वाचवाया बसलोय का? लिवलंय ते झालं पायजे, येवढंच.”

हे ते मनापासून म्हणायचे. बाया आपापसात म्हणायच्या की म्हाताऱ्याच्या घरात कुणीतरी त्या रोगाने गेलं असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. पण तसं काही नव्हतं. घरात सगळे ठणठणीत. चाचींना मी पुढे पाहिलं, त्या तर चाचांपेक्षा दणकट. चाचा असेच होते. वडापमध्ये दहा माणसं बसायची असं लिहिलेलं असेल तर अकरावा चढल्यावर ते उतरून चालत जात.

दर वर्षी चित्र बदलायचं. ठरलेल्या दिवसानंतर जुन्या चित्राची पुडी भरायची नाही, असा नियम. नवा रोल चढला की चाचांचा एक रिवाज होता. पहिली पुडी निघाली की मशीन बंद करायचं, सगळ्यांना जवळ बोलवायचं आणि लाल पट्टीवरची अक्षरं मोठ्याने वाचून घ्यायची. मालावर काय लिहिलंय ते भरणाऱ्यांना माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्यांना मराठी वाचता यायचं, पण ते म्हणत, माझं मी वाचलं तर ते मलाच ऐकू आलं.

मी कामाला लागले त्याच वर्षी माझी पाळी आली. कुठल्या बाईने तरी सांगितलं की ही शाळेत गेलेली आहे. मी म्हटलं, चौथीच झालीय.

“चौथी म्हंजी भरपूर. लाल पट्टीवर काय पुराण न्हाय लिवलेलं. वाच.”

आयुष्यात मी चार माणसांपुढे मोठ्याने काही बोलले नव्हते. शाळेतही गुरुजी कविता म्हणायला सांगत तेव्हा मी पाटीमागे तोंड लपवायची. पदर ओठांवर धरून मी वाचलं, तंबाखूमुळे कर्करोग होतो.

“पदरातनं कर्करोग कुणाला ऐकू येतोय? पदर काढ.”

पदर काढला, परत वाचलं. सुमनबाई म्हणाली, “आता झोप लागंल आमाला.” सगळ्या हसल्या, मशीन सुरू झालं. त्या दिवसापासून चाचा मला वाचणारी म्हणून हाक मारू लागले. दुसऱ्या वर्षी नवं चित्र आलं तेव्हाही मीच वाचलं. त्या वेळी ‘वेदनादायक’ हा शब्द होता, तो मी अडखळत जोडला, पण जोडला.

आता आमची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर चाचांनी पुढे काय केलं ते कळणार नाही. त्या सात जणींतली एकही तंबाखू खात नव्हती. कुणी विचारलं असतं तर आम्ही देवाची आण घेऊन सांगितलं असतं. आम्ही मिसरी लावायचो. पोत्यातून गळालेला, मशीनखाली पडलेला चुरा झाडताना मूठभर पदराच्या गाठीत बांधायचा, घरी तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि डबीत भरायचा. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, काम करता करता, बोटाने दातांना लावायची. मला माझ्या सासूने पहिल्या बाळंतपणानंतर लावली, दाढ ठणकत होती म्हणून. मिसरी दातांचं औषध. तिला पाकीट नाही, तिच्यावर चित्र नाही, लाल पट्टी नाही. रोगाची असती तर त्यांनी चित्र छापलं नसतं का? असंच वाटायचं. शिवाय आमच्याकडे आलेल्या प्रत्येक चित्रात पुरुषच होता. दिवसभर हातातून तीच तोंडं जात होती आणि जेवायच्या सुट्टीत त्याच हाताने आम्ही डबी उघडत होतो.

चाचांना हे कळायला दोन वर्षं लागली, कारण बायांच्या पदराकडे ते बघत नसत. कळलं ते एका गाठीतून चुरा सांडला म्हणून.

“ह्ये काय?”

“मिसरीला, चाचा,” सुमनबाई म्हणाली. “झाडून टाकायचंच होतं.”

“मिसरी कशाची करतीस?”

“ह्याचीच की.”

“म्हंजी तंबाखूची.”

“मिसरी म्हंजी काय तंबाखू हाय व्हय? तंबाखू बाप्ये खात्यात.”

चाचा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता चुरा नेल्याबद्दल कामावरून काढणार. त्यांना चुऱ्याचं काही नव्हतं. ते दाराशी गेले, परत आले, परत दाराशी गेले. “ह्या शेडमधनं दोन वर्सं चित्राबगार माल भायेर जातोय,” ते स्वतःशीच म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही हात धुऊन जेवायला आलो तर जेवणाच्या पिशवीत ठेवलेल्या प्रत्येकीच्या मिसरीच्या डबीला चित्र चिकटवलेलं. बाजूच्या टोपलीतल्या पुड्या कापून, खळ लावून, झाकणाला एक आणि बुडाला एक. डबी गोल, त्यामुळे चित्रातला माणूस वाकडा झालेला, पण मोजून लावलेलं. कडेला बोटभरच पत्रा उघडा ठेवलेला.

बाया भडकल्या. डबी ही बाईची वस्तू, एरवी चोळीत राहते, तिला परक्या माणसाने हात लावला हेच आधी. “उद्या आमच्या पातेल्यावर चिकटवाल,” सुमनबाई म्हणाली. “आमच्या कपाळावर चिकटवा.” सगळ्या उठून बाहेर रस्त्याकडेला जाऊन बसल्या. मीही बसले. मशीन थांबलं. मालक आले, त्यांनी आधी भावाला आत नेलं, मग आम्हाला आत बोलवलं. चाचांनी डब्यांना हात लावल्याबद्दल माफी मागितली. चित्राबद्दल मागितली नाही.

“कायदा पाकिटाला हाय, भाऊ,” मालक म्हणाले. “बायांच्या डबीला न्हाय.”

“ते कायद्याचं चुकलंय,” चाचा म्हणाले. कायद्याचं काही चुकलंय असं त्यांच्या तोंडून मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही सगळ्यांनी चित्रं खरवडून काढली. मीही काढलं, नखाने, ओल्या फडक्याने. आणि त्या वेळी माझ्या डाव्या गालात आत पांढरा डाग होता.

तो कधीपासून होता मला सांगता येत नाही. आधी खरखर लागायची. मग तिखट लागलं की आग व्हायची, म्हणून मी माझी भाजी वेगळी काढू लागले. सासूला वाटलं नखरे करते. जीभ सारखी तिथे जायची. पुड्या मोजताना जायची, वडापमध्ये बसल्यावर जायची, कुणी बोलत असलं तर ऐकता ऐकता जायची. मी ठरवायची की आता नाही लावायची जीभ, आणि ठरवता ठरवता लागलेली असायची. आरसा घेऊन उजेडात गेले की एवढंच दिसायचं, पांढरं, सायीसारखं. मग मी मिसरी तिथे जास्त लावायची. औषध म्हणून. खिडकीतून चित्रं बघताना मी नजर चित्राच्या कडेवर ठेवायला शिकले होते. कड सरळ आहे ना, पिवळं दिसत नाही ना. मधलं दिसायचंच नाही.

तिसऱ्या वर्षी नवा रोल आला. पहिली पुडी निघाली, मशीन थांबलं, बाया जमल्या. मी पुडी हातात घेतली आणि वाचलं.

“थांब,” चाचा म्हणाले. “परत वाच.”

परत वाचलं.

“गेल्या वर्षी असं न्हवतं. तोंड का उघडंना तुझं?”

मी म्हटलं, दाढ दुखतीय.

“किती दिस?”

सहा बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. चाचा एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, “आ कर.” कुणा परक्या पुरुषाने मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी पुडी ठेवली, पदर ओढला, डबा उचलला आणि भर दुपारी रस्त्यावर येऊन वडापची वाट बघत उभी राहिले.

त्यानंतर काही दिवस कामावर गेलेच नाही. घरी सांगितलं, शेड बंद आहे. तीन दिवस मी घर झाडलं, भांडी घासली, घासलेली परत घासली. बसले की जीभ जायची. नवऱ्याला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. तो ट्रॅक्टरवर असतो, थकून येतो, आणि सांगायचं तर तोंड दाखवावं लागणार.

चौथ्या दिवशी दारात एक धिप्पाड बाई उभी. हातात पिशवी, दातांवर काळी मिसरी.

“वाचणारी तूच का गं?” तिने विचारलं. “मी चाची. माझ्या म्हाताऱ्यानं धाडलंय. स्वतः आला असता तर तुझ्या घरच्यांनी काय म्हटलं असतं, म्हणून मी. परवापासनं धड जेवला न्हाय. भिताडाला बोलतोय. म्हणं तिचं तोंड तीन बोटंबी उघडत न्हाय.”

सासू चहा ठेवायला आत गेली तशी त्यांनी पिशवीतून डबी काढली, बोटावर मिसरी घेतली आणि दातांना लावत लावत मला समजावू लागल्या. “हे बघ, मला सांगवीला माहेरी जायचंय उद्या. बारामतीवरनंच जायचं. तू चल माझ्यासंगं. सरकारी दवाखान्यात दात बघत्यात, तितं दाव. दाढ दुखती म्हणून जायला काय लाज? दाढ सगळ्यांनाच हाय.”

मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. त्यांना ते कळलं.

“माझं नको बघू,” त्या म्हणाल्या. “माझ्या डबीलाबी चिकटवलं होतं त्यानं. चार वेळा. चारी वेळा मी काढलं.”

डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने मला तीन बोटं एकावर एक तोंडात घालायला सांगितलं. दोनच गेली. मग बॅटरी लावून बघितलं, काडीने गाल ओढला, आणि बॅटरी आणखी जवळ आणली. काय खाता विचारलं. मी सांगितलं, काही नाही. सुपारी? कधीमधी. दातांना काय लावता? मी सांगितलं, मिसरी, औषधाची. तिने पेन खाली ठेवलं.

“मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, ताई. भाजल्याने तिचं औषध होत नाही.”

तिने डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला दिवस गेले. ते दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही. कामावर परत गेले होते, हात चालत होते. चाचा मला काही विचारत नसत, पण माझ्या टोपलीकडे दिवसातून वीस वेळा यायचे आणि पुड्या उगाच खालीवर करून जायचे. निकाल आला तो असा की अजून तो रोग नाही, पण वाटेवर आहे. मिसरी आजपासून बंद, सुपारी बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. एवढ्यात कळलं हे नशीब, असं डॉक्टरीण म्हणाली. चुकवलं तर तिला काही सांगता येणार नव्हतं.

मिसरी सोडणं मला वाटलं त्यापेक्षा फार कठीण गेलं. हात आपोआप चोळीकडे जायचा. डोकं दुखायचं, पोरांवर विनाकारण ओरडायची. शेडमध्ये तर तोच वास सगळीकडे. एका दुपारी वीज गेली, मशीन थांबलं, बाया बाहेर लिंबाखाली गेल्या. मी आतच बसून राहिले. चाचा रोल पुसत होते. मला कसं धाडस झालं कुणास ठाऊक.

“चाचा, आपण हे करतो कशाला?”

त्यांनी मागे वळून बघितलं. “तीन वर्सांत पयल्यांदा काय इचारलंस, आन ते असलं.”

रोलच्या कडेवरून फडकं फिरवत ते म्हणाले, “मी सोडलं तर भाऊ चालवंल. त्यो चित्र बारीक करंल. आधी केसभर, मग बोटभर. मी हाय तवर चित्र पुरं ऱ्हाईल.”

“पण पुरं चित्र मी रोज बघतच होते,” मी म्हटलं. “तीन वर्सं.”

एवढंच बोलले. त्यांना दुखवायचं म्हणून नव्हतं, खरं होतं म्हणून बोलले. चाचांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी ओठ हलवले, मला वाटलं नेहमीसारखं सांगतील की काय लिहिलंय. पण वीज आली तरी ते मशीनकडे गेले नाहीत. सुमनबाईने बटण दाबलं.

पुढचे आठ दिवस ते शेडमध्ये असून नसल्यासारखे होते. पुड्या मोजायचे, पण दोनदा तीच पुडी मोजायचे. दोनदा मोपेडवरून बारामतीला जाऊन आले. नवव्या दिवशी मालक आले आणि आतून मोठा आवाज ऐकू आला. “आपल्याच शेडमधी डॉक्टर? आपल्याच मालावर?” चाचांचं उत्तर ऐकू आलं नाही. मालक गाडीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तीच लहान डॉक्टरीण आली. बरोबर चाची होत्या. शेडच्या दारात, जिथे ऊन चांगलं येतं, तिथे एक खुर्ची ठेवली. चाचा म्हणाले, “मिसरी लावणाऱ्या समद्यांची तोंडं बघायची हायत. जबरदस्ती न्हाय. कुणाला नको असंल त्यानं नको.”

कुणालाच नको होतं. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“आमाला काय झालंय?” सुमनबाई म्हणाली. “दात माझं कोळशासारखं घट हायत.”

“असल्या उन्हात तोंड वासून बसायचं व्हय? रस्त्यानं माणसं जात्यात.”

“आधी चाचींचं बघा. त्या आमच्यापेक्षा जुन्या.”

चाची म्हणाल्या, “मी डॉक्टरणीला वाट दावाया आलीय.”

डॉक्टरीण खुर्चीशेजारी बॅटरी धरून उभी होती. पाच मिनिटं गेली असतील. तिने घड्याळ बघितलं. चाचा आमच्याकडे पाठ करून उभे होते, शेडच्या बाहेर तोंड करून, कारण बायांच्या तोंडात बघणं त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांचे खांदे मला दिसत होते. ते पडलेले होते. एवढी पुड्यांची पोती त्यांनी त्या दारातून बाहेर जाऊ दिली, सगळी मोजून, आणि आता खुर्ची रिकामीच राहणार होती.

मी पुढे जाऊन खुर्चीत बसले. डॉक्टरीण हळूच म्हणाली, “ताई, तुमचं तर आधीच झालंय.” मी मान हलवली, पदर काढून मांडीवर ठेवला आणि उन्हाकडे तोंड केलं. मग बायांना हाताने खूण केली, या म्हणून. आणि तोंड उघडलं. जेवढं उघडतं तेवढं.

कुणी हललं नाही. मग चाचींचा आवाज आला, “सरक गं, बघू दे मला.” त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या श्वासाला मिसरीचा वास येत होता. “डावीकडं हाय,” त्या मागे बघून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज निराळाच होता. “ये सुमन. तूबी बघ.”

सुमनबाई आली. तिच्या मागे दुसरी आली, मग तिसरी. एकेक जण माझ्यापुढे वाकत होती, कुणी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवत होती. बाजूला जाऊन कुणी स्वतःच्या गालावरून आतून जीभ फिरवताना मला दिसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, उन्हाने की कशाने. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यावरची माणसं बघत गेली.

“समद्या झाल्या का?” चाचांनी तिकडेच तोंड ठेवून विचारलं.

“दोघी ऱ्हायल्यात,” चाची म्हणाल्या. “त्यांचं झालं की मी बसती खुर्चीत. तू हिकडं बघू नगंस.”

माझा जबडा दुखायला लागला होता. मी मिटला नाही.